पान एकसष्ट, ओळ नऊ

३ मार्च, रविवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण खरोखर वाकलो तर मला सरळ करायला दोन माणसं लागतील. कंबर पुन्हा धरली आहे. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत कमी बसा. म्हटलं, डॉक्टर, मला पगारच बसण्याचा मिळतो.

तुझा गुडघा कसा आहे? शिवणाचं दुकान चालू ठेवलंस की मशीन घरी आणलंस? हिनं मागच्या आठवड्यात कपाट आवरताना तू शिवलेला तो निळा झगा काढला. लेकीला आता तो कोपरापर्यंतही जायचा नाही, पण शिवण एका जागी उसवलेली नाही. ही म्हणाली, तुमच्या ताईंना फोन करा. मी हो म्हटलं आणि केला नाही.

पाकीट बघून तू दचकली असशील. आपल्यात पत्रं लिहायची पद्धत उरलेली नाही. पण फोनवर तू "हो" आणि "बरं"च्या पुढे जात नाहीस, आणि माझीही गाडी हवापाण्यावर अडते. शिवाय सध्या माझा ऑफिसचा फोन, घरचा फोन, सगळ्या मेल वकिलांच्या डोळ्यांखाली आहेत. मी कोणाला काय लिहिलं ते दोन्हीकडचे लोक वाचू शकतात. कागद तेवढा अजून माझा आहे.

वकील कशाला, ते सांगतो. आमची कंपनी आणि समोरची कंपनी कोर्टात गेल्या आहेत, हे तू कुठेतरी वाचलं असशील. समोरची म्हणजे अक्षरशः समोरची, रस्त्यापलीकडे. त्यांच्या कॅन्टीनचा चहा चांगला, म्हणून आमची माणसं तिकडे जाऊन पितात. दावा चालू होऊन दोन वर्षं झाली, चहा बंद झालेला नाही. दोघीही स्मार्टफोन बनवतात आणि दोघींचं म्हणणं एकच, की हिनं माझं चोरलं. आम्ही त्यांच्या अंगावर एकोणीस पेटंटं टाकली, त्यांनी आमच्या अंगावर बावीस. शेवटी न्यायाधीशांनी वैतागून सांगितलं, गाळा. गाळता गाळता आमची तीन उरली आणि त्यातलं एक माझं आहे.

ते अकरा वर्षांपूर्वीचं. फोन खिशात असताना न बघता, न ऐकता कळावं की कोण बोलावतंय. आधी एक लांब कंप, मग थोडं थांबणं, मग ज्याची त्याची खूण. ही खूण प्रत्येकानं आपल्या बोटानं काचेवर वाजवून ठरवायची. भांडण आहे ते मधल्या थांबण्यावर. ते नसेल तर माणसाचे पहिले ठोके दचकण्यातच जातात. समोरच्यांच्या फोनमध्येही नेमकं तेवढंच थांबणं आहे, सव्वा सेकंद. सव्वा सेकंदासाठी दोन मजले भरून वकील बसले आहेत, ताई.

मागच्या महिन्यात माझा शपथेवर जबाब झाला. कोर्टात नाही, एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात प्रत्येक शब्द खटाखट टाइप करणारी एक बाई. माझ्या शेजारी आमच्या वकीलबाई, ज्यांना आम्ही पाठीमागे 'इस्त्री' म्हणतो. त्यांच्या कपड्यांना आणि बोलण्याला कधी सुरकुती नसते. समोर त्यांचा वकील. सत्तरीचा, जाड भिंगांचा चष्मा, कोटाचं एक बटण दोऱ्यावर लोंबतंय. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं आणि तिथेच बेसावध राहिलो. सहा तास त्यानं माझी ऑफिसातली जुनी नोंदवही पानापानानं वाचायला लावली.

त्या वहीचे नियम सोवळ्याहून कडक असतात. पानांना छापील नंबर, शाईनंच लिहायचं, पान फाडायचं नाही, खोडायचं तर एकच रेघ, म्हणजे खोडलेलं वाचता यायला हवं. रोज सही आणि तारीख, आणि खाली शेजारच्या टेबलवाल्यानं वाचून सही करायची, "वाचले, समजले". आम्ही दोघं आठवड्याच्या शेवटी चहा पिता पिता एकमेकांच्या वह्यांवर सह्या ठोकायचो. वाचलं त्यानंही नाही, मीही नाही. त्यानं एक पान जरी वाचलं असतं, तरी तेव्हाच एक प्रश्न विचारला असता. असो.

जबाबाची प्रत आता घरी आली आहे, दोनशे तेरा पानं. सोबत दुरुस्तीचा एक कागद, चार रकान्यांचा: पान, ओळ, दुरुस्ती, कारण. तीस दिवसांत वाचून, चुका लिहून, सही करून परत द्यायचा. इस्त्रीबाई म्हणाल्या, एखादा शब्द चुकीचा टाइप झाला असेल तर बघा. माझं वाचन पान एकसष्टच्या पुढे सरकत नाही. कामं फार आहेत सध्या.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे कोणी चौकशीला येण्याची शक्यता आहे. बाबांच्या शेवटच्या वर्षाबद्दल विचारतील, आपण त्यांच्याशी कसे बोलायचो वगैरे. तू उगाच खोलात जाऊ नकोस. खूप जुनं झालं, नीटसं आठवत नाही, एवढं म्हटलंस तरी पुरे. ते खोटंही ठरणार नाही. कोणाला अकरा वर्षांपूर्वीचं सगळं लक्षात असतं? तू या भानगडीत पडू नयेस एवढीच माझी काळजी आहे.

लोभ मागायची हिंमत नाही. शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझा,
धाकटा


११ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे.

गुडघा आहे तिथेच आहे. दुकान चालू आहे. मशीन घरी आणलं तर घरात बोलायला कोण आहे? दुकानात निदान गिऱ्हाईक कटकट करायला येतं. तुझ्या लेकीचं माप पाठव, खांद्यापासून घ्यायला सांग. मागे गळ्यापासून घेतलं होतं, म्हणून तो झगा लवकर आखूड झाला.

तुझा म्हातारा वकील येऊन गेला. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, आत येऊ का बाई. बसा म्हटलं. बटण खरंच लोंबत होतं, आणि लोंबणारं बटण मला बघवत नाही. म्हटलं, कोट काढा. काढला बिचाऱ्यानं. मी दोरा ओवत होते तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, 'ताईची खूण' म्हणजे काय हो? तुमच्या भावाच्या वहीत सत्तेचाळीसाव्या पानावर एक चित्र आहे, त्याखाली हे दोन शब्द आहेत. भाऊ म्हणतात, ते कामाला ठेवलेलं लाडाचं नाव आहे. तुम्हीच ताई ना?"

मी म्हटलं, "ताई मीच. खुणेचं भावाला विचारा."

"त्यांना विचारलंय. आता तुमचं ऐकायला आलोय."

म्हटलं, "बटण झालं. घाला कोट."

घातला. हसला. जाताना म्हणाला, कोर्टाचा कागद येईल, मग शपथेवर सांगावं लागेल. माणूस वाईट वाटला नाही.

तर मी खोटं बोलले नाही, पण तुझ्यासाठी खऱ्यालाही दाराबाहेर उभं केलं. शपथेवर मात्र मला "आठवत नाही" म्हणता येणार नाही. मला सगळं आठवतं. यंत्रमागांच्या खडखडाटानं बाबांचे कान आधीच गेले होते, मग साखरेनं डोळे गेले. कोण जवळ आलं ते कळेना म्हणून ते हात झिडकारायचे, डॉक्टरांना एकदा चावलेसुद्धा. मग मी तळहात दाबायला लागले. दाबायचं, म्हणजे कोणीतरी आलंय. एक श्वास थांबायचं, म्हणजे त्यांचं दचकणं ओसरतं. मग आपली खूण. माझी एकच टिचकी, अंगुस्तानाची, शिवताना बोटात घालते त्या टोपीची. डॉक्टरांची उभी रेघ. तुझी दोन, घाईच्या. तुला दहादा सांगितलं, आधी दाब, थांब, मग वाजव. तू कधी थांबला नाहीस. यायचास आणि टकटक. बाबा हात मागे घ्यायचे आणि तुला वाटायचं ते रागावलेत.

मग तू घड्याळ घेऊन पलंगाशी बसायला लागलास. मी विचारलं, काय मोजतोस? म्हणालास, बाबांची नाडी. नाडी मनगटात असते रे. तू बघत होतास माझ्या बोटाकडे. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी मुद्दाम सावकाश, एकसारखं वाजवत गेले, तुला नीट मोजता यावं म्हणून.

तुझ्या घरी कंपनीनं पेटंटसाठी दिलेली ती पितळी पाटी बघितली, तेव्हा मी "छान आहे" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. पाटीवर माझं नाव नव्हतं म्हणून नाही. पाटीचं मी काय करणार होते, तिच्यावर दोरे गुंडाळले असते? मला वाटलं, तू मागून येशील. आत येऊन एवढंच म्हणशील की ताई, तुझंच आहे ते. चहाचं एकच भांडं मी तीनदा घासलं. तू बाहेर पाहुण्यांना पाटी दाखवत होतास.

त्यानंतर मी आले नाही. तू कारण विचारलं नाहीस, कारण तुला ते माहीत होतं.

आणि मी भानगडीत पडू नये म्हणून काळजी करतोस, असं पुन्हा लिहू नकोस. स्वतःसाठी काही मागायचं असेल तर सरळ माग.

कंबरेला गरम पाण्याची पिशवी लाव. जाडा टॉवेल गुंडाळून, नाहीतर भाजून घेशील.

ताई


२७ मार्च

ताई,

तुझं पत्र मी आधी एकट्यानं वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. भांड्याशी आलो तेव्हा कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं. वाचून झाल्यावर ती उठली, भिंतीवरची पाटी उतरवली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आहे.

सरळ मागायला सांगितलंस. मागितलं होतं ते हे, की तू खोटं बोलावंस, म्हणजे माझं खोटं उघडं पडणार नाही. आधीच्या पत्रात हे मी काळजीच्या कागदात गुंडाळून पाठवलं. आता मागत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो कसं झालं. चोरी करायची म्हणून मी बसलो नव्हतो. पेटंटच्या अर्जात एक रकाना होता: हे ज्यांना ज्यांना सुचलं त्या सगळ्यांची नावं. कंपनीतल्या माणसासाठी एका पानाचा फॉर्म. बाहेरच्या माणसासाठी नऊ पानांचा, त्याची संमती, त्याच्या सह्या, शिवाय वरच्या साहेबांचे प्रश्न. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तू दुकानात येरझारा घालत होतीस. म्हटलं, ताईला कुठे त्रास द्यायचा, नंतर बघू. एका पानाचा फॉर्म भरला. आळसच होता तो. मग पाटी आली, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, कोणीतरी विचारलं, हे सुचलं तरी कसं? आणि मी म्हटलं, असंच, एकदा विचार करत बसलो होतो. त्या दिवसापासून त्याला आळस म्हणता येत नाही.

तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा मी दाराशी आलो होतो. भांडं घासल्याचा आवाज ऐकला. आत येणार होतो. बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मी नऊ वर्षं विसरू शकलेलो नाही.

आणि तू मुद्दाम सावकाश वाजवत होतीस, हे मला माहीत नव्हतं. मी सत्तर वेळा मोजलं होतं, ताई. सत्तरही वेळा सव्वा सेकंद, केसभर इकडेतिकडे. मी वहीत लिहिलं होतं, "आश्चर्य आहे, इतका नियमितपणा!" आजोबांनी तेही वाचायला लावलं आणि विचारलं, हा नियमितपणा कोणाचा? मी म्हटलं, यंत्राचा.

पान एकसष्टवर मी का अडलो ते आता लिहितो. तिथे असं आहे:

"प्रश्न: हे थांबण्याचं सुचलं तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं?"

"उत्तर: कोणी नाही. मी एकटाच होतो."

उत्तराची ओळ नऊ.

सोमवारी मी इस्त्रीबाईंकडे गेलो. त्यांचं ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे, सगळ्या भिंती काचेच्या, म्हणजे रडायलाही सोय नाही. दुरुस्तीचा कागद काढला आणि म्हटलं, मला एक ओळ सुधारायची आहे.

त्या म्हणाल्या, "शब्द सुधारा. आठवण सुधारायला जाऊ नका."

"आठवण तेव्हाही बरोबरच होती," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. बाबा, तळहात, अंगुस्तान, घड्याळ.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती दिसली. मग म्हणाल्या, "आता मला हे न ऐकल्यासारखं करता येणार नाही. मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही आजच्या आज स्वतःचा वकील बघा." मी उठलो तेव्हा हळूच विचारलं, "त्यांना सगळे अनोळखी वाटायचे, पण बहिणीचा हात कळायचा?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि फोन उचलला.

मी स्वतःचा वकील बघितला. तरुण आहे, नखं खातो, पण सांगतो ते समजतं. तो म्हणाला, सही करायच्या आधी स्वतःहून सुधारलंत हे तुमच्या बाजूचं आहे, पण शपथेवर खोटं बोललात ते पुसलं जात नाही. पुढे काय होईल ते न्यायाधीश ठरवतील. पेटंटवर नाव सुटलं असेल तर एकतर पेटंटच रद्द होतं, नाहीतर सुटलेलं नाव जोडावं लागतं. जोडलं तर ते तुझंही होईल, आणि मग दोन्ही कंपन्यांचे वकील कोट शिवून घ्यायला तुझ्या दुकानापुढे रांग लावतील. बटणं नीट लाव आणि कोणाच्याही कागदावर सही करू नकोस. आधी स्वतःचा वकील बघ. माझा नको.

कंपनीनं मला पुढचं सांगेपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. ज्यानं माझ्या वहीवर न वाचता सह्या केल्या, त्यानं माझ्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून आणून दिलं. तोही घाबरला आहे, त्यालाही बोलावतील. दारात उभा राहून म्हणाला, "वाचायला हवं होतं रे मी." म्हटलं, लिहिणाऱ्यानंच वाचलं नाही, तू कशाला वाईट वाटून घेतोस. मला नोकरी जाण्याची भीती वाटते. लेकीला काय सांगायचं याची त्याहून जास्त वाटते. तिला मी शाळेच्या निबंधात "माझे बाबा, संशोधक" लिहू दिलं होतं. काल तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आत्या संशोधक आहे?" म्हटलं, हो. म्हणाली, "तिला माहितीये का?"

दुरुस्तीचा कागद आज भरला. नक्कल तुझ्यासाठी सोबत ठेवली आहे, पण इथेही लिहितो, म्हणजे माझ्या हातचं तुझ्याजवळ राहील.

पान: एकसष्ट. ओळ: नऊ. दुरुस्ती: "मी एकटाच होतो" याऐवजी "आम्ही तिघं होतो. माझे वडील, माझी बहीण आणि मी. थांबणं बहिणीचं. खुणाही तिच्याच. मी फक्त मोजलं."

चौथा रकाना कारणाचा. अंगठ्याएवढी जागा आहे. तरुण वकील म्हणाला, "विस्मरण" लिहा, सगळे तेच लिहितात, त्यानं पुढचं जरा सोपं जाईल. मी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं: "खोटं बोललो होतो."

या खटल्याबद्दल कोणाला काही लिहू नका असं मला बजावलेलं आहे, कारण असलं पत्र कोर्ट मागवू शकतं. मागवलं तर दे. आजोबा आले आणि त्यांनी विचारलं, तर त्यांना वाचून दाखव. माझं पहिलं पत्रही दे, त्यातलं "आठवत नाही" म्हण असं लिहिलेलं सगळं. काही झाकू नकोस. माझ्यासाठी खऱ्याला पुन्हा दाराबाहेर उभं करू नकोस.

क्षमा माग, असं ही म्हणाली. मागतो. पण कागदावर मागून तुझ्याकडून टपालानं उत्तर घ्यायचं, हे मला पुन्हा एका पानाचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. म्हणून शनिवारी येतोय, एकटाच. लेकीचं माप घेऊन, खांद्यापासून. तू दुकानात असशील तर दुकानात, घरी असशील तर घरी. स्वयंपाकघरात असशील तर तिथेही येईन. भांडं घासायला मला दे.

दारावर पोचलो की घंटेवर एकदाच लांब बोट ठेवीन. मग थांबेन. ताई, या वेळी खरोखर थांबेन, तुला लागेल तेवढं. मग माझ्या दोन. तू हात मागे घेतलास, तर तू रागावली आहेस हे मला कळेल, आणि ते बरोबरच असेल.

तुझी खूण चोरून, तुझ्याच हातावर वाढलेला,
धाकटा